वारा नसेल तर सहा मिनिटं

खालच्या स्टेशनापासून वरच्या वस्तीपर्यंत
सहा मिनिटं लागतात, वारा असला तर सात.
तेवढ्यात एक शाब्दिक उदाहरण होतं,
मारेखीने मध्ये काही विचारलं नाही तर.
ती विचारतेच.

मी लामारा. चियातुरात रोपवेचा पाळणा चालवते,
म्हणजे दाराची कडी लावते, घंटी देते,
आणि खाणीतून सुटलेल्या काळ्या माणसांना
दाराला रेलू नका म्हणून सांगते.
गणित मला आठवीपर्यंत होतं.
त्यातलं वाटून घेण्यापुरतं उरलंय.

"एका टोपलीत सत्तेचाळीस अक्रोड होते.
ते पाच मुलांना सारखे वाटले. बाकी किती?"
टोपली कुणाची? दिलेलं नाही.
वाटलं कुणी? तेही नाही.
मग बाकीचे त्यानेच खाल्ले असणार, मारेखी म्हणाली,
आणि वही मिटली.

मी खिसे उलटे केले. अकरा निघाले.
म्हटलं, आकडा अंगावर येत असेल तर
आधी त्याला लहान करायचं, गोष्ट तीच ठेवायची.
बाकावर पाच ढीग लावले, दोन-दोनचे.
उरलेला एक हातात घेणार
तोच तिसऱ्या खांबापाशी पाळण्याने गचका खाल्ला
आणि बाकी गेली बाकाखाली.
ती इतकी हसली
की सत्तेचाळीसचं उत्तर तिने हसता हसताच दिलं.

बाईंनी म्हणे यादी दिलीय:
'एकूण' दिसलं की मिळवा,
'उरले' दिसलं की वजा करा,
'जास्त' दिसलं की पुन्हा मिळवा.
बेसोकडे बारा मेंढ्या,
ओतारपेक्षा चारने जास्त. ओतारकडे किती?
सोळा, मारेखी ठणकावून म्हणाली. 'जास्त' आहे ना तिथे!

समोरून दुसरा पाळणा उतरत होता.
दोर एकच. आम्ही चढल्याशिवाय तो उतरत नाही.
त्यात शोता, दारात उभा, तोंडात सिगारेट.
आपण शोतापेक्षा वर आहोत ना?
हो.
मग आता शोताच्या जागी उभी राहा आणि सांग.
तिने काचेला कपाळ लावलं.
पाळणे एकमेकांना ओलांडून गेले,
शोताने उगाच सलाम ठोकला.
मग तिने रबर घेतलं आणि सोळा इतके खोडले
की कागदाला भोक पडलं.
आठ तिने भोकाशेजारी लिहिले.

शुक्रवारचा गृहपाठ: स्वतःचं एक उदाहरण तयार करा.
हे तिने मला दाखवलं नाही, वाचून दाखवलं:
"आई इटलीत एका म्हातारीला सांभाळते.
दरमहा तीनशे युरो घरी पाठवते.
छपराला चार हजार आठशे लागतात.
आई कधी येईल?"

भागाकार मी मोठ्याने केला. सोळा महिने.
ती म्हणाली, सोळा गेल्या उन्हाळ्यात झाले.
छप्पर झालं. मग आजोबांचा गुडघा आला,
मग गाईचं काहीतरी.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
मला खांब मोजावेसे वाटले.
शेवटी म्हटलं, बाळ,
जे विचारायचं ते दिलेल्यातूनच निघायला हवं.
'पैसे किती महिन्यांत जमतील' असं विचार.
तिने तसं लिहिलं.
पण वरची ओळ खोडली नाही,
आज रबर दप्तरातच राहिलं.

सोमवारी वही परत आली.
जमणाऱ्या पैशांना पूर्ण गुण.
दुसऱ्या प्रश्नापाशी बाईंनी काहीतरी लिहून
पुसलेलं दिसत होतं. मी कागद उजेडात धरला,
मारेखीनेही धरला होता म्हणे.
दोघींना वेगळं दिसलं.

रात्री शेवटच्या फेरीनंतर झाडू मारताना
बाकाखाली, कोपऱ्यात, तो अक्रोड सापडला.
फोडणार होते. भूकही होती.
मग खिशातल्या दहांत टाकला.
उद्या वारा आहे म्हणतात,
सात मिनिटं मिळतील.